नकाशातली फुली

पुण्याजवळच्या लोणी काळभोरच्या हद्दीत सोलापूर रस्त्यालगत गंभीर गुन्हा घडला, की तपासी अंमलदार पंच बोलावतो, टेप धरतो आणि पंचनाम्याला हात नकाशा जोडतो. उत्तरेचा बाण, खांब, रक्ताचे डाग आणि बऱ्याचदा एक फुली : ‘आरोपी येथे उभा होता’. डाग अंमलदाराने पाहिलेले असतात, उभा आरोपी नव्हे. ती फुली कुणाच्या तरी सांगण्यावरून पडते.

अशा फुलीचा वाद ज्यूरीच्या काळातला. साक्षीदारांनी पोलिसांना सांगितलेलं नकाशात भरून तो ज्यूरीपुढे ठेवणं गैर, असं कलकत्ता हायकोर्टाने भगीरथी चौधरी खटल्यात १९२६मध्येच बजावलं. अंमलदाराने स्वतः पाहिलं तेवढंच काढावं. कारण उघड आहे. साक्षीदाराचा उलटतपास होतो, फुलीचा होत नाही. आणि जबाब विसरले तरी चित्र डोळ्यांपुढे राहतं.

पुढे ज्यूरीची पद्धतच मागे पडली. नानावटी खून खटल्यात १९५९मध्ये मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं, हायकोर्टाने ते फिरवलं. १९७३च्या फौजदारी संहितेत तर ज्यूरीला जागाच उरली नाही. नियम मात्र टिकला, कारण त्याआधीच सुप्रीम कोर्टाने तो तोरी सिंग या आरोपीच्या अपिलात पक्का केला होता. गंमत म्हणजे तिथे फुलीचा आधार बचाव पक्षालाच हवा होता : मयत नकाशातल्या जागी असता, तर गोळी तशी लागलीच नसती! कोर्टाने ऐकलं नाही. ती खूण म्हणजे पोलिसांपुढचा जबाबच, तेव्हाच्या फौजदारी संहितेच्या कलम १६२ने पुराव्यात बाद. नियमाला आरोपीचीही भीड नाही, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

आता हात नकाशाच्या जोडीला कॅमेरा आला आहे. जुलै २०२४पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळाचंही चित्रीकरण कायद्यात आलं. व्हिडिओला प्रमाणपत्र लागतं, हे जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात २०२०मध्ये ठरलेलंच होतं. पण प्रमाणपत्र फाइलची खात्री देतं, आतल्या बोलण्याची नव्हे. ‘साहेब, तो इथंच उभा होता’ हे मोबाइलमध्ये टिपलं गेलं, तरी माझ्या मते ती जुनीच फुली आहे; फक्त आता ती बोलते.

पंच म्हणून सही करायची वेळ आलीच, तर आधी विचारा : यातली कुठली खूण पाहिलेली आणि कुठली ऐकलेली?