४.३ उष्मांकांची तूट आणि वजनातील घट

‘तूट’ हा शब्द आपल्याला जमाखर्चाच्या वहीतून परिचित आहे. अन्नातून मिळणारी ऊर्जा ही जमा आणि शरीर वापरते ती ऊर्जा हा खर्च. जमा कमी पडली की शरीर साठवलेला मेद वापरते व वजन घटते. हे रूपक शास्त्राला धरून आहे. मात्र ते ताणले की दिशाभूल करते.

एक किलो मेदसाठ्यात सुमारे ७,७०० उष्मांक असतात असे मानतात. त्यावरून रोज ५०० उष्मांकांची तूट ठेवल्यास वर्षभरात जवळजवळ २४ किलो वजन घटेल, असे गणित मांडले जाते. प्रत्यक्षात आरंभी वजन याहून वेगाने उतरते, कारण ग्लायकोजेनचा साठा व त्यासोबतचे पाणी आधी कमी होते. पुढे मात्र हा वेग मंदावत जातो.

वहीतील खर्च जमेप्रमाणे आपोआप बदलत नाही; शरीराचा बदलतो. देह हलका झाला की त्याला विश्रांतीतही कमी ऊर्जा पुरते आणि चालतानाही. शिवाय नकळत हालचाली घटतात, भूक वाढते. उदाहरणार्थ, २,२०० उष्मांकांची गरज असलेली व्यक्ती १,७०० उष्मांक घेऊ लागली, तर तूट ५०० ची होते. कालांतराने गरजच १,९०० वर आली, की त्याच आहारात तूट केवळ २०० उरते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांवर केलेला प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. २४ आठवडे अर्धपोटी राहिल्यावर त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. विश्रांतीतील ऊर्जाखर्च मात्र सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. अन्नाचा विचार त्यांच्या मनातून जाईना.

म्हणूनच वजन उतरणे थांबले, याचा अर्थ निश्चय ढळला असाच होत नाही. अशा वेळी आहार आणखी तोडण्यापेक्षा बेताची तूट, पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना काम देणारा व्यायाम हा मार्ग अधिक टिकाऊ ठरतो. गर्भवती स्त्रिया आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी आहार घटवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘तूट’ हे रूपक कोठे उपयुक्त ठरते व कोठे अपुरे पडते?
२. आहार तोच असूनही तूट कमी का होते, ते सोदाहरण स्पष्ट करा.