सोडतीची पेटी आणि दूरध्वनी क्रमांक

ठाणे जिल्ह्यात, भाईंदर स्थानकाच्या पूर्वेस गोडदेव हे जुने गाव आहे. भातखाचरे व मिठागरे यांच्या या टापूत आता बहुमजली इमारतींची दाटी झाली असून, 28 फेब्रुवारी 2002 रोजी येथील नगरपालिकेची महानगरपालिका झाली. अशा शहरालगतच्या गावांतील दुकानांत सणासुदीच्या सुमारास काचेची एक पेटी मांडलेली आढळते. कूपन भरावे, पेटीत टाकावे. सोडतीत नाव निघाल्यास मोटारसायकल मिळेल, असे तीवर लिहिलेले असते. कृषी प्रदर्शनांतही हाच प्रकार दृष्टीस पडतो. तेथील कूपनावर नाव-गावाखेरीज जमीन किती, ट्रॅक्टर आहे किंवा नाही, हेही विचारलेले असते. कूपनास मूल्य पडत नाही. खरी किंमत दूरध्वनी क्रमांकाच्या रूपाने वसूल होते.

विक्रीसाठी येणारे नकोसे दूरध्वनी बंद करण्याची सोय भारतात 2007 पासून आहे. 1909 या क्रमांकावर दूरध्वनी करून किंवा संदेश पाठवून ग्राहकास आपला नकार नोंदविता येतो. परंतु ग्राहकाने स्वतःच संमती दिली असेल, तर नकाराचा अडसर उरत नाही. विक्रेत्यांची दृष्टी नेमकी या वाटेवर असते. कूपनाच्या तळाशी, चष्मा लावूनही वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत, 'आमच्या व आमच्या सहयोगी संस्थांच्या योजनांची माहिती दूरध्वनीवरून घेण्यास माझी संमती आहे,' अशा आशयाची ओळ छापलेली असते. सहयोगी संस्था कोणत्या, हे कोठेच लिहिलेले नसते.

ही युक्ती परदेशांतूनही परिचित आहे. अमेरिकेत 2003 साली अशी नकार-नोंदवही सुरू झाली, तेव्हा पूर्वीच्या खरेदीदारास 18 महिने आणि चौकशी करणाऱ्यास 3 महिने दूरध्वनी करण्याची मुभा विक्रेत्यास ठेवली गेली. तेथेही सोडतीच्या कागदावरून ग्राहकाची 'संमती' मिळविण्याचे प्रयत्न झाले.

आपल्याकडे 2018 च्या नियमांनी ही वाट बरीच अरुंद केली. संमती ग्राहकाकडूनच पडताळून घेऊन तिची नोंद दूरसंचार कंपन्यांच्या व्यवस्थेत झाली पाहिजे, आणि ग्राहकास ती केव्हाही मागे घेता आली पाहिजे, असा दंडक घातला गेला. म्हणजे कूपनावरील बारीक ओळ एवढ्याने भागत नाही. जाहिरातीचे दूरध्वनी 140 ने आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत, असाही नियम आहे. तरीही साध्या दहा आकडी क्रमांकांवरून ते येतच राहतात, हे ग्रामसेवकांना सांगावयास नको.

नुकसान केवळ त्रासाचे नव्हे. 'आपले बक्षीस निघाले आहे, सपत्नीक या,' असे निमंत्रण येते. तेथे लहानशी भेटवस्तू देऊन तासन्‌तास व्याख्यान ऐकविले जाते आणि सहलींच्या सदस्यत्वाच्या कागदावर सही घेतली जाते. दुसरे नुकसान अधिक खोल आहे. वारंवार येणाऱ्या अशा दूरध्वनींना कंटाळून शेतकरी अनोळखी क्रमांक उचलणेच सोडतो, आणि मग माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा किंवा बँकेचा खरा निरोपही हुकतो.

1909 वर नोंद केल्यास हवामानाचे संदेश बंद होतील, या भीतीने पुष्कळ जण नोंदच करीत नाहीत. ही भीती अनाठायी आहे. शासनाच्या निर्देशाने येणारे संदेश या नियमांतून वगळलेले आहेत. बँकेच्या व्यवहाराचे संदेशही थांबत नाहीत.

सोडतीचा निकाल विचारण्याचा हक्कही फारसा कोणी बजावीत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागी झालेल्यांपासून दडवणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. ग्राहकाने विश्वासाने दिलेली खाजगी माहिती कायद्याच्या आधाराविना दुसऱ्यास देणे, हेही तिच्यातच मोडते. याविषयीची तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर करता येते. बक्षिसासाठी आधी पैसे भरण्यास सांगितले गेल्यास ती उघड फसवणूक समजावी. पैसे गेले असल्यास विलंब न लावता 1930 वर कळवावे.

नकोशा दूरध्वनीची तक्रार 1909 वरच करावयाची असते. पूर्वी तीन दिवसांची मुदत होती. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीने ती सात दिवसांची झाली. दूरध्वनी करणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि संभाषणाचा थोडक्यात आशय एवढेच द्यावे लागते. तेव्हा दूरध्वनी येताच या तीन गोष्टी कागदावर टिपून ठेवाव्यात.