परदेशातला महिना

भोर-वेल्ह्यातून पुण्याला शिकायला जाणे काही नवे नाही. दहावी झाली की मुलगा एसटीने स्वारगेट गाठतो, कुठे तरी कॉट बेसिसवर राहतो, मेसचे जेवतो आणि भातलावणीला घरी येतो. गेल्या काही वर्षांत या वाटेला पुढे आणखी एक फाटा फुटला आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा बी.एस्सी. झाली की जर्मनी, इंग्लंड, आयर्लंड. गावातून एखादा गेला की त्याच्याबद्दल सांगोवांगी पुष्कळ कळते आणि ते बहुधा दोन टोकांचे असते. एक तर तिकडे सगळे फुकट, नाही तर जमीन विकल्याशिवाय जाताच येत नाही. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायचे सरकारने २०२४ मध्ये ठरवले. बोलण्यात अजून वेल्हेच आहे, म्हणून इथेही तेच.)

घरचे लोक फी, व्हिसा आणि विमानाचे तिकीट मोजतात. जाणाऱ्याला मात्र जगायचे असते महिन्याच्या हिशेबावर. बहुतेक गैरसमज या दोन हिशेबांमधल्या फटीतून निघतात.

“जर्मनीत शिक्षण फुकट आहे”

अर्धे खरे आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. दर सत्राला शंभर ते साडेतीनशे युरो भरायचे असतात आणि त्यात बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पासही येतो. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे आणि मास्टर्सला ते सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे. खासगी विद्यापीठांची गोष्ट तर वेगळीच. सरकारी विद्यापीठे एजंटला दलाली देत नाहीत, खासगी सहसा देतात. तेव्हा एखादा सल्लागार “जर्मनी, जर्मनी” म्हणत खासगी कॉलेजचाच फॉर्म पुढे सरकवू लागला, तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आणि फी नसली तरी पोट आहेच. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात. त्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे बंद खाते, ज्याला तिथे ‘श्पेरकोंटो’ म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. या खात्यातून एकदम पैसे काढता येत नाहीत. दरमहा ९९२ युरो सुटतात, तेवढेच. त्यात आरोग्य विम्याला दीडशेच्या आसपास जातात. म्युनिकसारख्या शहरात नुसत्या खोलीचे भाडे सात-आठशे युरोपर्यंत पोहोचते. विद्यार्थी वसतिगृह स्वस्त असते, पण त्याची यादी लांब. खोली मिळाली तर घरमालक अनामत मागतो आणि कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. मूळ भाडे म्हणायचे कारण तिथे भाड्याचे दोन आकडे असतात. एक ‘थंड’, म्हणजे नुसत्या जागेचे, दुसरे ‘ऊबदार’, म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. जाहिरातीतला लहान आकडा बघून खूश झालेला मुलगा पहिल्याच महिन्यात भानावर येतो.

“पार्टटाइम करून फी निघते”

ही समजूत सगळ्यांत महाग पडते. इंग्लंडमध्ये पदवी वा मास्टर्सच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. एप्रिल २०२५ च्या किमान वेतनाने, म्हणजे तासाला १२.२१ पौंड धरून, पूर्ण २० तास भरले तर आठवड्याला २४४ पौंड होतात. लंडनमध्ये राहायला महिना दीड हजार पौंडांच्या आसपास लागतात असे तिथले व्हिसाचे नियमच धरून चालतात. मग फीला काय उरले? अमेरिकेत तर पहिले शैक्षणिक वर्ष विद्यापीठाच्या आवारातच काम करायचे, तेही सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंत. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम चालते. तिथे राहण्या-खाण्याचा खर्च बराचसा निघू शकतो, पण भाषा येत असेल तर. गोदामात किंवा हॉटेलच्या भांडीघरात इंग्रजीवर भागते, त्यापुढे जर्मन लागते. जास्तीचे तास “रोखीने” करून देणारे भेटतात. पकडला गेला तर व्हिसा जातो मुलाचा, हॉटेलवाल्याचा नव्हे.

पैशाची ही ओढाताण आजची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, महिन्याचे पैसे थांबले होते. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज या जोरावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

“शिष्यवृत्त्या आपल्यासाठी नसतात”

असतात. आजच्या दोन योजनांना नावेही त्याच दोन राजांची आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे आणि तिच्या ७५ जागा आहेत. मराठा आणि कुणबी समाजासाठी ‘सारथी’ची योजना महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाने २०२३ मध्ये आली, तिच्याही ७५. इतर मागासवर्ग आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. फी, निर्वाह भत्ता, विमान तिकीट असा मोठा भार यांतून उचलला जातो.

मेख दुसरीकडे आहे. शाहू महाराज योजनेसाठी विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत लागते. जर्मनीत फी नसलेल्या चांगल्या संस्था पुष्कळ आहेत, पण त्यातल्या बऱ्याच, आणि ‘होखशूले’ नावाच्या उपयोजित शिक्षणाच्या संस्था जवळपास सगळ्याच, त्या दोनशेत नाहीत. म्हणजे “फुकटची जर्मनी” आणि “सरकारी शिष्यवृत्ती” हे एकाच ताटात क्वचितच येते. कोणत्या वाटेने जायचे ते विद्यापीठ निवडण्याआधी ठरवावे लागते, प्रवेशपत्र हातात आल्यावर नाही. उत्पन्नाच्या आणि वयाच्या अटी बदलत राहतात. त्या मागच्या वर्षी गेलेल्याला विचारू नयेत, त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचाव्यात.

केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेचे नाव हल्ली कानावर पडते. ती भारतातल्या निवडक संस्थांत शिकणाऱ्यांसाठी आहे, परदेशासाठी नाही.

“सातबारा ठेवला की बँक कर्ज देते”

इथे थोडे थांबू, कारण आपल्या दोन तालुक्यांत घोडे नेमके याच ठिकाणी अडते.

सोसायटीचे पीक कर्ज सातबाऱ्यावर मिळते. शिक्षण कर्जाचे तसे नाही. बँकेला थकीत कर्जाची वसुली न्यायालयात न जाता करता येते ती २००२ च्या सरफेसी कायद्याने, आणि त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बहुतेक बँका शिक्षण कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत, मग ती धरणाच्या कडेला असो आणि पुण्याचे लोक तिला कितीही भाव देत असोत. त्यांना बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी लागते.

मग राहते गावठाणातले घर. घर आहे, राहतो आहोत, घरपट्टी भरतो आहोत, पण मालकीचा कागद म्हणून दाखवायला ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढाच असतो. तो कर आकारणीचा उतारा आहे आणि तेवढ्यावर बँक समाधान मानत नाही. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका द्यायचे काम आता चालू आहे. त्याचा पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि केंद्राची स्वामित्व योजना २०२० मध्ये आली. गावाची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून ही पत्रिका काढून ठेवावी. तिच्यावर चुलत्यांची नावे सामाईक असतील तर सह्यांचा प्रश्न उरतोच, आणि तो सोडवायला सहा महिनेही कमी पडू शकतात. प्रवेशाचे पत्र आल्यावर हक्कसोड पत्राला लागणारा माणूस सप्टेंबरचे सत्र चुकवतो.

तारणाशिवाय कर्ज नाहीच, असेही नाही. साडेसात लाखांपर्यंत मूर्त तारण सहसा लागत नाही, आणि निवडक विद्यापीठांना प्रवेश असेल तर काही बँका त्याहून बरेच मोठे कर्जही तारणाशिवाय देतात. मात्र “शिकत असताना व्याज नसते” हे खोटे. हप्ता नसतो, व्याज पहिल्या उचलीपासून चालू असते.

“मराठी माध्यमाच्या मुलाला तिकडे जमत नाही”

इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि तयारीने ती सुटते. अडते ते वेगळ्याच गोष्टींनी. आपल्याकडे गाईडमधले उत्तर पाठ करून लिहिणे म्हणजे अभ्यास. तिथे दुसऱ्याचे वाक्य अवतरण न देता उचलले की ती चोरी ठरते आणि ती शोधणारी सॉफ्टवेअर सगळीकडे आहेत. दुसरी गोष्ट नापास होण्याची. आपल्या विद्यापीठांत एटीकेटीने वर्षे पुढे ढकलता येतात. जर्मनीत एका विषयाच्या परीक्षेला बहुतेक ठिकाणी तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेला की अभ्यासक्रमातून नाव निघते आणि त्याच अभ्यासक्रमाला त्या देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा प्रवेश मिळत नाही. हे तिथे गेल्यावर कळलेली मुले मी पाहिली आहेत. एजंट हे सांगत नाहीत.

उलट, दहावीनंतर घर सोडून वसतिगृहात भांडी घासलेला वेल्ह्याचा मुलगा तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात लवकर रुळतो, असे माझे मत आहे. पुण्यात आईच्या हातचे आयते खाऊन गेलेल्याला कुकर लावण्यापासून सुरुवात करावी लागते.

“थंडी फार, कसा राहील?”

आजीची ही काळजी खरी असली तरी निशाणा चुकलेला आहे. घरे, वर्ग, बस सगळे उबदार असते. बाहेर जाताना जाड कोट पुरतो. त्रास देतो तो अंधार. बर्लिनला डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. जुलैत तोरण्याच्या पायथ्याला आठवडाभर सूर्य दिसत नाही, धुके दारापर्यंत येते आणि माणसे विनाकारण चिडचिडी होतात, ते ज्याने भोगले आहे त्याला याची कल्पना येईल. फरक एवढाच, की इथे चुलीभोवती चार माणसे असतात. तिथे शेजारी न सांगता दार वाजवत नाही. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, रविवारी दुकाने बंद, त्या दिवशी भिंतीत खिळाही ठोकायचा नाही. शिस्त म्हणून चांगलेच आहे, पण नव्याने गेलेल्याला पहिले काही रविवार फार लांब वाटतात. घरच्यांनी फोन करताना एवढे ध्यानात ठेवावे, की जर्मनीची घड्याळे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतात. आपल्या रात्री नऊला तो वर्गात किंवा कामावर असू शकतो.

डॉक्टर व्हायला निघालेल्यांसाठी

नीट न देता परदेशात एमबीबीएस करता येते ही समजूत जुनी झाली. २०१८ पासून नीट पात्र झाल्याशिवाय गेलेल्याला इथे नोंदणी मिळत नाही. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच हवी, आणि परतल्यावर पात्रता परीक्षा. या परीक्षेच्या अनेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली राहिले आहे. फी कमी म्हणून जाणाऱ्याने हा आकडा आधी बघावा.

“दोन पायली इंद्रायणी बरोबर दे”

भोर-वेल्ह्याच्या घरातून निघणाऱ्या बॅगेत तांदूळ असणारच. अमेरिकेला जाणाऱ्याच्या बॅगेत तो घालू नये. खपरा नावाच्या भुंगेऱ्यामुळे भारतासह बऱ्याच देशांचा तांदूळ प्रवाशाच्या सामानातून न्यायला तिथे बंदी आहे, मग इंद्रायणी असो की आंबेमोहोर. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे घरचे तूप, पेढे आणि खव्याच्या पोळ्या गेल्या. कढीपत्ता आणि आंबेही घरीच ठेवावेत, कारण ताज्या फळा-पाल्याला आरोग्य प्रमाणपत्र लागते. मेतकूट, भाजणी, काळा मसाला, जवसाची चटणी, नाचणीचे पीठ सहसा जाते. घरगुती पुड्यांवर आतल्या जिनसांची नावे इंग्रजीत लिहून चिकटवावीत. ऑस्ट्रेलियाच्या विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यात खाद्यपदार्थ आहेत असे खरे लिहावे. लपवलेले सापडले तर मोठा दंड बसतो, सांगितलेले नको असेल तर फार तर काढून घेतात.