शस्त्रांचा कायदा – लेखांक ६ : तेरेखोलपलीकडे जाणारी बंदूक

परवाना कोणास मिळतो आणि कोणास नाकारला जातो, याचा विचार आपण गेल्या लेखांकात केला. आज त्याच परवान्यावरील शस्त्र एका राज्याच्या रहिवाशाकडून दुसऱ्या राज्याच्या रहिवाशाकडे कोणत्या मार्गाने जाऊ शकते, हा प्रश्न हाती घेऊ. पेडणे आणि सावंतवाडी, डिचोली आणि दोडामार्ग यांच्यामध्ये राज्याची हद्द असली, तरी सोयरिकींनी ती कधी जुमानली नाही, आणि पेडण्यात तर १७८८ पर्यंत अंमलच सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. म्हणून पेडण्याच्या एखाद्या वृद्ध बागायतदाराने आपली काडतुसी बंदूक हद्दीपलीकडील बांद्याच्या जावयास देऊन टाकावी, असा विचार घरात सहज निघतो, परंतु तितक्याच सहजपणे तो अमलात आणला गेला, तर दोन्ही घरांवर फौजदारी प्रसंग ओढवतो.

शस्त्रे हा विषय आपल्या संविधानाच्या संघसूचीत असल्यामुळे १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेला १९५९ चा शस्त्र अधिनियम गोव्यास आणि महाराष्ट्रास सारखाच लागू आहे, आणि घेणारा परराज्यातील आहे एवढ्याच कारणाने व्यवहार निषिद्ध ठरत नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने खाजगी इसमास दुसऱ्या राज्याच्या रहिवाशाकडे बंदूक परस्पर सोपविण्यास मनाई केली असून तेथे परवानेधारक व्यापाऱ्यास मध्ये घालावे लागते. वारसाहक्काने मिळणारे शस्त्र मात्र त्या मनाईतून वगळले आहे. आपल्याकडे परीक्षा निराळी आहे. घेणाऱ्याजवळ त्या शस्त्राचा वैध परवाना आहे काय, हे कायदा प्रथम पाहतो. मोबदला घेतला की प्रेमाने दिले, याने काहीच फरक पडत नाही.

अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे स्वतःच्या उपयोगासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र विकण्यास किंवा देण्यास व्यापाऱ्याचा परवाना लागत नाही. मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्यास अथवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदारास आपला इरादा, तसेच घेणाऱ्याचे नाव व पत्ता लेखी कळवावा लागतो, आणि त्या इत्तल्यानंतर किमान ४५ दिवस लोटल्यावाचून ताबा देता येत नाही. ही मुदत म्हणजे निव्वळ कागदी अडथळा होय, असे मानणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही, कारण घेणारा इसम पात्र आहे की नाही याची शहानिशा करण्यास सरकारला मिळणारा अवकाश तो एवढाच. देणाऱ्यावरही भार आहे: समोरच्याचा हक्क अगोदर न पडताळता शस्त्र त्याच्या हाती देणे हा एकोणतिसाव्या कलमाखाली स्वतंत्र अपराध आहे. जावयाचा शब्द हा पडताळा नव्हे.

जावयास परवाना त्याच्या वास्तव्याच्या जिल्ह्यातून, म्हणजे ओरोसच्या जिल्हा कचेरीतून, मागावा लागेल. सासऱ्याची इत्तला पणजीस किंवा पेडणे ठाण्यात रुजू होईल. आम्हा फोंडेकरांनी ध्यानात ठेवावे, की २०१५ च्या जानेवारीपासून आपला तालुका दक्षिण गोव्यात गेल्यामुळे आपले जिल्हा दंडाधिकारी मडगावास बसतात. परवान्यावर क्षेत्राची मर्यादाही लिहिलेली असते. ती महाराष्ट्रापुरतीच असेल, तर पात्रादेवीच्या अलीकडे गोव्यात येऊन बंदूक खांद्यावर टाकण्याचा अधिकार त्या कागदाने मिळत नाही, म्हणून क्षेत्रविस्ताराची तजवीज आधी करावी.

वारसाचा मार्ग याहून सुगम आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानेधारकाच्या मृत्यूनंतर तर वारसास अर्ज करता येतोच, परंतु परवानेधारकाने वयाची ७० वर्षे पुरी केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर हयातीतही आपला कायदेशीर वारस नेमून देता येतो; अर्थात बांद्यास नांदणारी कन्या पात्र असेल, तर ती यासाठी अर्ज करू शकते. तिच्या नावे आधीच २ शस्त्रे असतील, तर मात्र २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली मर्यादा आड येते. बाप वारला आणि कोणाकडेच परवाना नसला, तर ती बंदूक माळ्यावर ठेवता येत नाही. विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानेधारक व्यापाऱ्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि ती पावती अर्जास जोडावी.

पुढील लेखांकात पीकसंरक्षणाचे परवाने, आणि ते हाती असूनही रानडुकरावर गोळी झाडण्याचा अधिकार आपोआप का मिळत नाही, याचा विचार करू.