संपलेल्या सेलवर दिवा

टॉर्चचा सेल ‘संपला’ की आपण तो टाकून देतो. टाकण्याआधी त्याला मल्टीमीटर लावून पाहा. पुष्कळदा १ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. म्हणजे थोडी ऊर्जा शिल्लक आहे. पण पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. मग १ चे ३ कसे करायचे?

कॉइलमधून प्रवाह सोडला की तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. प्रवाह एकदम तोडला, तर तो चालू ठेवण्यासाठी कॉइल स्वतःच व्होल्टेज निर्माण करते. ते सेलच्या व्होल्टेजमध्ये मिळते आणि एलईडी लागतो. ट्रान्झिस्टर ही उघडझाप सेकंदाला हजारो वेळा करतो, म्हणून प्रकाश सलग दिसतो. व्होल्टेज वाढते, ऊर्जा मात्र वाढत नाही, हे मुलांना आवर्जून सांगा.

आता सुटे भाग. १२ व्होल्टच्या मंडलात ट्रान्झिस्टरवर ०.२ व्होल्ट वाया गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. इथे १ व्होल्टमधले ०.२ म्हणजे पाचवा हिस्सा! म्हणून बीसी ३३७ सारखा, जास्त प्रवाह पेलणारा ट्रान्झिस्टर घ्या. ‘मोठा तो चांगला’ म्हणून आयआरएफ ५४० हा मॉसफेट आणाल, तर फसाल. तो चालू व्हायलाच किमान २ ते ४ व्होल्ट लागतात.

कॉइलसाठी फेराइटची कडी हवी. लोखंडी खिळा चालत नाही. इतक्या वेगवान उघडझापीत त्यात भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. दोन तारा एकत्र धरून २० वेढे द्या. एका तारेचे शेवटचे टोक व दुसरीचे सुरुवातीचे टोक जोडून सेलच्या धन टोकाला लावा. उरलेल्यांपैकी एक टोक १ किलोओहमच्या रोधातून बेसला, दुसरे कलेक्टरला. एमिटर ऋण टोकाला. एलईडीचा धन पाय कलेक्टरला, ऋण पाय एमिटरला. दिवा लागला नाही, तर बहुधा एका तारेची टोके उलटी लागलेली असतात.

याच मंडलातून कपॅसिटर भारित करायचा असेल तर डायोड लागतो. नेहमीचा १एन४००७ नको. तो ५० हर्ट्झसाठी ठीक, इथे संथ पडतो. १एन५८१९ हा शॉट्की डायोड वेगवान आहे आणि त्यावर व्होल्टेजही कमी पडते.

वर्गात प्रत्येकाला घरचा एकेक टाकाऊ सेल आणायला सांगा. कोणता दिवा सर्वांत जास्त वेळ जळेल, याचा अंदाज आधी फळ्यावर लिहा. मग मोजा.