फोटोतली माणसं कोणाची कोण?

१९३० च्या दशकातली गोष्ट. कॅनडाच्या उत्तरेला, बॅफिन बेटाच्या मुलखात एका गोऱ्या पाहुण्याला पांढऱ्या अस्वलाचा फोटो हवा होता, पण जवळ जायची छाती होईना. त्यानं कॅमेरा तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे इनुइट समाजातल्या, एका शिकाऱ्याच्या हातात दिला. शिकारी गेला आणि फोटो काढून परत आला. पीटर पिट्सिओलाक यांनी काढलेला हा पहिला फोटो. अस्वल त्यांना नवं नव्हतं, नवा होता तो कॅमेऱ्याचा खटका.

पिट्सिओलाक यांचं गाव किनगाइट. नकाशांवर ते कित्येक वर्षं ‘केप डॉर्सेट’ होतं. गावकऱ्यांच्या मतदानानंतर २०२० मध्ये जुनं इनुइट नाव अधिकृत झालं. नुनावुट प्रदेशातल्या या गावात आज सुमारे चौदाशे माणसं राहतात. गाव आर्क्टिक वर्तुळाच्या जरा दक्षिणेलाच पडतं, त्यामुळे दिवस न उगवणारी लांबलचक रात्र इथं नसते. तरी डिसेंबरात सूर्य चारेक तास तोंड दाखवतो आणि जातो. गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. माणसं विमानानं येतात. इंधन, मोटारी, बांधकामाचं सामान उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजानं. जमीन खाली कायमची गोठलेली, म्हणून घरं खांबांवर उभी. पाण्याचा टँकर दारात येऊन टाकी भरतो आणि सांडपाणी उपसायला दुसरा टँकर येतो. दुकानातले भाव विमानभाड्यासकट मोजावे लागतात. अशा ठिकाणी सील, कॅरिबू (तिथली रानटी रेनडिअर) आणि मासे यांची शिकार हौसेखातर होत नाही; घरातली चूल त्यावर चालते.

पिट्सिओलाक १९०२ साली हडसन सामुद्रधुनीतल्या नॉटिंगहॅम बेटावर जन्मले आणि शिकारी तळांवर वाढले. स्वतःचा कॅमेरा त्यांना १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला एका कॅथलिक मिशनऱ्याकडून मिळाला. फोटो काढण्याचं काम त्यामानानं सोपं होतं. खरी कसोटी पुढं होती. फिल्म धुवायला फोटो स्टुडिओ कुठला? त्यांनी ती इग्लूत धुतली. इग्लू ही तशी अंधाराची जागा नाही. दिवसा बर्फाच्या भिंतींतून निळसर उजेड झिरपत राहतो. शिवाय आत तापमान शून्याच्या आसपास, आणि डेव्हलपरला साधारण २० अंशांची ऊब लागते. थंड द्रावणात चित्र धड उमटत नाही. पाणी हवं तर आधी बर्फ वितळवा. काम करताना दिसावं म्हणून त्यांनी तीन सेलच्या बॅटरीवर लाल फडकं गुंडाळलं. त्या काळच्या कित्येक फिल्म्सना आणि छपाईच्या कागदाला लाल उजेड कळतच नसे, म्हणून ही युक्ती चालून गेली. जोडीला पत्नी अगिओक होत्या. पुढं या कामात त्यांचाही हात बसला आणि त्या स्वतःही फोटो काढत. भिंगापुढं लावायला फिल्टर नव्हता, तेव्हा पिट्सिओलाक यांनी जुन्या गॉगलची काच लावली.

थंडीत कॅमेरा सांभाळणं हा एक वेगळाच उद्योग. कडाक्याच्या थंडीत फिल्म कडक होते, जोरात ओढली तर तुटते. कॅमेरा बाहेरून एकदम उबेत आणला की भिंगावर दव धरतं आणि तो तसाच पुन्हा बाहेर नेला की त्याच दवाचा बर्फ होतो. आताच्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी तर थंडीत बघता बघता बसते. ती अंगाजवळच्या खिशात ठेवावी लागते. पांढऱ्याशुभ्र बर्फानं कॅमेऱ्याचं प्रकाशमापक फसतं ते वेगळंच. फोटोत बर्फ राखाडी येतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात.

लहानपणी पिट्सिओलाक यांची रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्याशी गाठ पडली होती. हेच फ्लॅहर्टी पुढं १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या मूकपटामुळे जगभर गाजले. नानूक झालेल्या गृहस्थांचं खरं नाव अलाकारिआलाक. बंदुका वापरात आलेल्या असताना पडद्यावर शिकार हार्पून नावाच्या भाल्यानं केली, आणि चित्रीकरणाला उजेड मिळावा म्हणून इग्लू अर्धाच बांधला. यावरून फ्लॅहर्टींना बरीच बोलणी बसली आहेत. पण पिट्सिओलाक यांनीही आपल्या माणसांना जुन्या पद्धतीचे कपडे घालायला लावून फोटो काढले आहेत! कॅरिबूच्या कातड्याचा पार्का, पाठीवर मूल घ्यायची पिशवी असलेला बायकांचा अमाउटी, सीलच्या कातडीचे बूट. तंबूंतलं जगणं सरत चाललं होतं आणि पुढच्या पिढ्यांना ते दिसावं, ही त्यांची धडपड होती. तेव्हा मांडून काढला म्हणजे फोटो खोटा, या हिशेबात मला फारसा दम वाटत नाही. कोणासाठी मांडला, ते विचारावं. फ्लॅहर्टींचा प्रेक्षक दूरच्या शहरांतल्या थिएटरात बसलेला होता, पिट्सिओलाक यांचा अजून जन्मायचा होता, पण घरातलाच होता. आणि भिंगासमोरचा प्रत्येक जण कोणाचा कोण, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ही ओळख किती मोलाची, ते त्या वेळचा सरकारी कारभार पाहिला की कळतं. इनुइट माणसाला आडनाव नसे आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना नावं लिहिता येत नसत. म्हणून १९४१ पासून इनुइटांना क्रमांक कोरलेल्या चकत्या वाटल्या गेल्या. पूर्वेकडच्यांचा क्रमांक ‘ई’नं सुरू होई, पश्चिमेकडच्यांचा ‘डब्ल्यू’नं. आडनावं देण्याची मोहीम निघाली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस. बाहेरून आलेल्या छायाचित्रकारांचे हजारो फोटो दरम्यान राजधानी ओटावात जमा होत होते, आणि कितीतरी फोटोंखाली ‘एस्किमो बाई’, ‘एस्किमो मूल’ एवढंच; ‘एस्किमो’ हे इनुइटांना बाहेरच्यांनी दिलेलं नाव.

पिट्सिओलाक १९७३ मध्ये वारले. इनुइट लिपीत लिहून ठेवलेल्या त्यांच्या आठवणी लेखिका डोरोथी एबर यांच्या साहाय्यानं १९७५ मध्ये पुस्तकरूपानं आल्या. दीड हजारांहून अधिक निगेटिव्ह कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहालयानं घेतल्या. गावच्या शाळेलाही त्यांचंच नाव आहे.

ओटावातल्या त्या बेनाव फोटोंतली माणसं ओळखण्याचं काम २००१ मध्ये सुरू झालं. नुनावुटहून तिथं शिकायला आलेली मुलं लॅपटॉपवर जुने फोटो घेऊन गावी गेली आणि म्हाताऱ्या माणसांपुढं बसली. ही अमक्याची आई, तो तमक्याचा भाऊ, हा तळ अमक्या खाडीवरचा, अशी नावं निघू लागली. घाई करणं भागच होतं. ओळखू शकणारी माणसं थकली होती. पुढं कॅनडातल्या इतर आदिवासी समाजांचे फोटोही या कामात घेतले गेले. आता ते इंटरनेटवर ठेवलेले आहेत आणि ओळख पटली की कुणीही नाव कळवू शकतं.