बिनकामाची कामसू यंत्रं

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, नाट्यगृहासमोरच्या उथळ तळ्यात काळीकुळकुळीत लोखंडी यंत्रं दिवसभर राबत असतात. एक पाणी उपसतं आणि त्याच तळ्यात ओततं. दुसरं चक्क पाणी चाळतं! रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातलाच प्रकार. पण शहरानं हा रिकामा उद्योग हौसेनं भर चौकात मांडलाय.

त्याचा कर्ता ज्याँ तँगली. जन्म १९२५, फ्रिबुरचा, वाढला बाझलमध्ये. शाळकरी वयात तो रानातल्या ओढ्यावर छोटी पाणचक्की बसवायचा आणि तिच्या फिरण्यावर हातोड्यांनी डबे बडवून घ्यायचा. पुढं आयुष्यभर त्यानं दुसरं केलं तरी काय!

बाझलचं जुनं नाट्यगृह १९७५ मध्ये पाडलं. तँगलीनं तिथल्या रंगमंचाचं भंगार उचललं, त्याला मोटारी जोडल्या आणि १९७७ मध्ये, जुना रंगमंच होता त्याच जागी, पाण्यात उभं केलं. पडद्यामागं राबलेलं लोखंड स्वतःच नट झालं. कडक थंडीत या नटांवर बर्फाचे थर चढतात, उडतं पाणी गोठून झुंबरासारखं लोंबतं. म्हणजे निम्मी शिल्पकला हवामानाची!

त्याआधी, १९६० मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत त्यानं सायकलची चाकं, पियानो, बाथटब असलं काहीबाही जोडून एक अवाढव्य यंत्र रचलं होतं. त्याचं काम एकच, स्वतःला मोडून टाकणं. ते पेटलं आणि शेवटी अग्निशमन दलाला धावावं लागलं. मला मात्र त्या गाजलेल्या तमाशापेक्षा तँगलीची कारंजी मोठी वाटतात. मोडणं एकदाच होतं. रोज न थकता निरर्थक चालत राहायला जास्त अक्कल लागते.

पॅरिसमध्ये पाँपिदू केंद्राशेजारी, संगीतकार स्त्राविन्स्कीच्या नावानं १९८३ मध्ये झालेलं कारंजं त्यानं पत्नी निकी द सँ-फाल हिच्यासोबत केलं. त्याची काळी यंत्रं, तिच्या भडक रंगांच्या आकृत्या, मिळून सोळा. तळ्याच्या खाली संगीत-संशोधन संस्थेच्या खोल्या आहेत, त्यामुळे जड काही चालणारच नव्हतं. पाणीही बेताचंच ठेवलं.

तँगली १९९१ मध्ये गेला. बाझलमध्ये १९९६ पासून त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, वास्तुकार मारिओ बोत्ता. कधी तिकडं गेलात तर आधी नाट्यगृहासमोरचं तळं गाठा. तिथं तिकीट लागत नाही.